गॅसबत्तीच्या उजेडातले किशनराव

"न्हाई भाऊ. ह्ये ते न्हाईत."

चतुराबाईंनी ओला फोटो दोन बोटांच्या चिमटीत धरून दारातल्या उजेडात नेला, पुन्हा आत आणला आणि शेषेरावांच्या हातात परत दिला. स्टुलावर बसलेल्या व्यंकटरावांनी डोक्यावरचा फेटा उतरवून मांडीवर ठेवला.

"मी म्हनलोच होतो," ते म्हणाले. "माझा फोटू काढल्यावर मीच दिसनार. दुसरं कोन दिसनार?"

फेटा त्यांचा नव्हता. त्यांचे थोरले बंधू किशनराव यांचा होता. किशनराव उन्हाळ्याच्या तोंडाला बांधावर चक्कर येऊन पडले ते उठलेच नाहीत. ऊन असं कडक, की पाव्हणेरावळे जमायच्या आतच माती करावी लागली. आणि मग पाहतात तर घरात त्यांचा एक फोटो नाही. लग्नात काढला नव्हता, पुढं कधी वेळ आली नव्हती. शेषेराव त्यांना दर एकादशीला म्हणायचे, "किशनराव, या की एकदा स्टुडिओत." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "फोटू गेलेल्याचा काढतेत रे बाबा. मला कशाला घाई करून राहिलास?"

आता चतुराबाई हट्टाला पेटल्या होत्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की गेलेल्या माणसाचा फोटो नसला तर पाठच्या भावाला त्याचे कपडे घालून बसवतात. तोंडवळा सारखा असला की काम भागतं. दोघा भावांचा तोंडवळा तर एका साच्यातला. अडचण एकच. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांमध्ये कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. व्यंकटराव भावाच्या तिरडीला खांदा देऊन गेले ते मुक्यानंच. पण भावजय दारात येऊन उभी राहिली आणि "भावजी, तुमचं तोंड द्या मला," म्हणाली तेव्हा त्यांना नाही म्हणवेना.

शेषेरावांचा माउली फोटो स्टुडिओ अहमदपूरच्या बस स्टँडमागे होता. लातूर जिल्हा झाला तेव्हापासून सगळ्या गावाचं तोंड लातूरकडं फिरलं होतं. सासरेबुवा सांगायचे, नव्या कचेऱ्या तिकडं, गर्दी तिकडं, तुम्ही इथं काय करताव? शेषेराव हसून सोडून द्यायचे. त्यांचं मन एकादशीच्या टाळात. चतुराबाईंच्या गावच्या मारुतीच्या देवळात कीर्तनाला महाराजांच्या मागं टाळ धरून उभं राहायचं, हे सुख लातुरात कोण देणार होतं? धंदा काय, त्यांनी नांदेडला एका उस्तादांच्या हाताखाली शिकला होता. उस्तादांचा मंत्र एकच : दोन बल्ब समोर, एक मागं, आणि गिऱ्हाईक भिंतीसारखं बसवायचं. वीसेक वर्षं शेषेरावांनी तालुकाभरची माणसं भिंतीसारखी बसवली. तक्रार कुणाचीच नव्हती. चतुराबाई मात्र दोनदा फोटो परत करणाऱ्या पहिल्याच.

पहिला फोटो त्यांनी उस्तादांच्या मंत्रानं काढला. कपाळ चकाकलं, नाकाची सावली गेली, चेहरा भाकरीसारखा सपाट आला. दुसऱ्या वेळी त्यांना वाटलं, किशनराव आपल्याला आठवतात कसे? तर कीर्तनात. देवळात डाव्या खांबाशी बसायचे, शेजारी गॅसबत्ती. बत्तीत हवा भरायचं काम त्यांचं. टाळ वाजवता वाजवता समोर नजर गेली की तोच चेहरा, खालून उजेड पडलेला. मग शेषेरावांनी बल्ब बंद केले, शेजाऱ्याची गॅसबत्ती आणली, खोक्यावर ठेवली, व्यंकटरावांना फेटा बांधला आणि समोरून फोटो घेतला.

"जरा मन मोकळं करा," त्यांनी मध्येच सांगितलं होतं.

"हसू का रडू, येक काय ते सांगा," व्यंकटराव म्हणाले होते. तो प्रश्नच जसाच्या तसा फोटोत उतरला होता.

आता तो फोटोही परत आला. तो धुण्यापुरतं पाणी चतुराबाईंनी घरून कळशीनं आणलं होतं. दुष्काळानं नळ कोरडे पाडले होते, आणि फोटो नीट धुतला नाही तर महिन्याभरात पिवळा पडतो. म्हणून शेषेरावांनी दारावर पाटीच लावली होती, 'फोटोसाठी एक कळशी पाणी आणावे.' कळशीच्या तळाशी घोटभर पाणी उरलं होतं.

"वैनी," शेषेराव चतुराबाईंना म्हणाले, "डोळे मिटा. त्येंचं तोंड तुमाला कसं दिसतंय ते सांगा."

"दिसतच न्हाई, तीच तर कळ हाय," चतुराबाई म्हणाल्या. "पैले पैले दिसायचं. आता डोळे मिटले की नुस्ता फेटा दिसतो. फेट्याखाली काईच न्हाई. म्हनून तर तुमच्या मागं लागलेय, भाऊ. ते पुरतं जायच्या आत कुठं तरी उतरवून ठेवा."

"पन इतकी वर्षं येका घरात..."

"येका घरात असून काय? सासूसासऱ्यापुढं मान वर करून कवा बगितलं मी? वाढायचं तर खाली बगून. रानात ते म्होरं, मी मागं." त्या एकदम हसल्या. हसताना वयाच्या खाली कुठंतरी दडलेली नवी नवरी दिसली. "खरं सांगू का? एकादशीलाच बगायची मी त्येंना. देवळात. समदे म्हाराजाकडं बगायचे, मी ह्येंच्याकडं. तितं कोन अडवतंय?"

व्यंकटरावांनी मान दुसरीकडं फिरवली.

शेषेरावांच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. देवळात बायका बसतात उजव्या हाताला, दानपेटीच्या अलीकडं. तिथून किशनराव समोरून दिसतच नव्हते! एका बाजूनं दिसत होते. एक गाल बत्तीत, दुसरा अंधारात. आणि ते समोर बघत नव्हते, महाराजांकडं बघत होते. शेषेरावांनी पहिल्यांदा उस्तादांचं गिऱ्हाईक काढलं होतं, दुसऱ्यांदा आपल्या आठवणीतले किशनराव. या बाईचे किशनराव त्यांनी पाहिलेच नव्हते.

"व्यंकटराव," ते म्हणाले, "येत्या एकादशीला देवळात या. फेटा बांधून. त्येंच्या जागेवर बसा."

"मी कीर्तनाला येत नसतो."

"म्हाईत हाय. फोटूला या."

एकादशीला देवळाच्या पायरीवरच व्यंकटरावांची बायको नीलाबाई आडवी उभी होती. फोटोची बोलवा तिच्या कानावर गेली होती.

"शेषेरावभाऊ, तुमी शानी मानसं," ती म्हणाली, "जित्या मान्साचा फोटू काढून त्येला हार घालनार? वरीसश्राद्धाला भिताडाला लटकवनार? अवो, ते माझं कुंकू हाय!"

"अगं, फोटू दादाचा हाय," व्यंकटराव म्हणाले.

"दादाचा कसा? तोंड कुनाचं हाय?"

"तुझं कुंकू बळकट हाय. हारानं मरनारा असतो तर या दुष्काळानंच मला कवाच नेलं असतं."

"अभद्र बोलू नका देवाच्या दारात!"

चतुराबाई मागं उभ्या होत्या. त्या पुढं आल्या आणि जावेला हळूच म्हणाल्या, "नीला, तुझी शपथ, तुला नगं वाटत असंल तर मी हार घालनार न्हाई. पन तोंड तरी घिऊ दे." नीलाबाई पायरीवरून बाजूला झाली.

शेषेरावांनी त्या दिवशी टाळ खुंटीवरून काढलेच नाहीत. तिवई आणि येशिका कॅमेरा घेऊन ते थेट बायकांत शिरले. एकच कल्ला झाला.

"या या, शेषेरावभाऊ, आज इकडं वाट चुकलाव का?" म्हातारी सरजाबाई म्हणाली. "यायचंच होतं तर लुगडं नेसून यायचं!"

"गप बसा, माय. न्हाई तर तुमचा बी काढीन."

"माझे दात गेलेत बाबा."

"बिनदाताचं तोंड फोटूत लई गोड येतं."

चतुराबाईंनी आपली नेहमीची जागा दाखवली. शेषेराव तिथं मांडी घालून बसले. तिवईचे पाय आखडून कॅमेरा बसलेल्या बाईच्या डोळ्याच्या उंचीवर आणला. समोर खांब, खांबाशी फेटा बांधलेले व्यंकटराव. गॅसबत्ती फोटोत येत होती म्हणून ती त्यांनी खांबाच्या आडोशाला जरा सरकवायला लावली. उजेड तेवढा गालावर राहिला. भिंगातून त्यांनी पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं, फक्त माणूस नव्हता. व्यंकटराव उस्तादांच्या गिऱ्हाइकासारखे ताठ बसून कॅमेऱ्याकडं डोळे वटारत होते.

शेषेरावांनी बटणावर बोट ठेवलं. बत्तीच्या उजेडात फोटो घ्यायचा म्हणजे शटर उघडं ठेवावं लागतं, मनात सावकाश 'विठ्ठल' म्हणेपर्यंत. तेवढ्यात माणूस हलला की चेहऱ्याचा धूर होतो. आणि हलू नका म्हटलं की माणूस हलतोच, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तेव्हा थांबायचं. कीर्तन आपलं काम करील, एवढा त्यांचा विश्वास होता.

मृदंगावर थाप पडली. महाराजांनी अभंग लावला, टाळकऱ्यांनी उचलला. व्यंकटराव कॅमेऱ्याकडंच बघत होते. निरूपण सुरू झालं. तरी कॅमेऱ्याकडंच. शेषेरावांच्या पायाला मुंग्या आल्या. बायकांतली कुजबुज थांबली.

"माय-बापहो," महाराज म्हणत होते, "यंदा विहिरींनी तळ गाठलाय. पण बादलीचा स्वभाव पाहिलाय का तुम्ही? दोर लांब आहे, खाली पाणी आहे, बादली पाण्यावर जाऊन टेकलीसुद्धा. आणि तरी भरत नाही. का भरत नाही? ताठ बसलीय म्हणून! पाण्यावर बसून ती कोरडी. वरून दोराला झटका द्यावा, ती कलंडावी, तेव्हा कुठं पाणी आत येतं. देवाचं पाणी असंच आहे, बापहो. आणि भावाचंही."

पुढचं ते बोलले ते वेगळ्याच गोष्टीवर, पण व्यंकटराव तिथंच राहिले. त्यांची नजर कॅमेऱ्यावरून सुटली. कुठं गेली, ते त्यांनाही कळलं नसेल. आधी जबडा सैल पडला. मग हात आपोआप हनुवटीखाली आला, फेटा खांबाला टेकला. गालावरचा उजेड डोळ्याच्या कोपऱ्यात शिरला आणि तिथं ओलसर थांबला.

शेषेरावांच्या पाठीमागं चतुराबाईंचा श्वास अडकलेला ऐकू आला.

त्यांनी बटण दाबलं. विठ्ठल. सोडलं. फिल्म फिरवली. पुन्हा दाबलं. विठ्ठल. व्यंकटराव केसभरही हलले नाहीत. बारा फोटोंची फिल्म संपली, तरी ते ऐकतच होते. मग शेषेरावांनी कॅमेरा बंद केला, आणि टाळ खुंटीवर असताना आयुष्यात पहिल्यांदाच बसून कीर्तन ऐकलं.

चतुराबाई दुसऱ्या दिवशी दोन कळशा पाणी घेऊन स्टुडिओत हजर. एक डोईवर, एक कमरेवर. पाण्याच्या खेपेला आता पहाटे उठावं लागत होतं, त्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. शेषेरावांनी त्यांना डार्करूममध्ये तांबड्या दिव्याखाली उभं केलं. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आधी फेटा उगवला, मग गालाची कड, मग डोळा. शेषेरावांना उस्तादांची पेन्सिल आठवली. सुरकुत्या घालवायच्या, डाग पुसायचे. त्यांनी पेन्सिलीला हात लावला नाही.

चतुराबाई किती तरी वेळ वाकून बघत राहिल्या.

"नाक भावजींचं हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "कान बी भावजींचेच."

शेषेरावांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"पन ऐकून राहिले ते ह्येच हायत. हाव भाऊ. ह्येच." आणि त्यांनी कळशी उचलली. "घ्या, धुवा. चांगलं दोनदा धुवा. पिवळं पडू देऊ नका."

वर्षश्राद्धाला अंगणात मांडव पडला. शेषेराव फोटो चौकटीत घालून घेऊन गेले आणि ओसरीवरच्या भिंतीला स्वतः खिळा मारून टांगला. जो तो येऊन समोर उभा राहत होता आणि आवाज खाली करत होता. कुणी व्यंकटरावांकडं बघितलं नाही, कुणी तुलना केली नाही. चतुराबाईंनी फुलांची परडी खाली ठेवली होती. परडीत हार होता, पण जावेला दिलेल्या शब्दापायी त्यांनी तो उचलला नाही. भटजी म्हणाले, "हार घालायचाय ना?" त्या म्हणाल्या, "फुलं वाहते. पुरं."

व्यंकटराव मांडवाच्या कडेला उभे होते. ते चप्पल काढून ओसरीवर चढले. परडीतला हार त्यांनी दोन्ही हातांत घेतला. चौकट जरा उंचावर होती, त्यांना टाचा वर कराव्या लागल्या. काचेत क्षणभर त्यांचं तोंड दिसलं, मग आतलं. त्यांनी काचेवरच्या कपाळाला बोटानं गंध लावलं, हार घातला, चेहऱ्यावर आलेली झेंडूची फुलं दोन्ही बाजूंना सारली. "दादा," एवढंच म्हणाले, आणि कपाळ भिंतीला टेकवून उभे राहिले.

घरातून नीलाबाई बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं तसंच. बायका सरकल्या, चतुराबाई उठून उभ्या राहिल्या. आता ही हार ओढून काढणार, असंच सगळ्यांना वाटलं. शेषेरावही एक पाऊल पुढं झाले.

नीलाबाई फोटोसमोर थांबली. नवऱ्याकडं तिनं पाहिलं नाही. फोटोकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पिठाचे हात लुगड्याला पुसले, डोईवरचा पदर पुढं ओढला, थोरल्या दिरापुढं ओढतात तितका, आणि वाकून नमस्कार केला.