दोनदा गाळलेलं कढण

तिनं मलमलीच्या कापडाची चारी टोकं मुठीत धरली आणि पीळ दिला. खालच्या पेल्यात मुगाच्या कढणाची बारीक धार पडायला लागली. पहिल्या गाळणीतून जे निसटलं होतं ते सगळं आता कापडात अडकत होतं, शिजून मेण झालेली डाळ, जिऱ्याचे दाणे, आल्याचा चोथा. बोटं भाजत होती. भाजतायत हे तिला कळत होतं, पण हात काढावा असं काही वाटत नव्हतं.

"आई, अगं पुरे की आता. कापड फाटेल," लेक स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"फाटू दे. एखादा कण राहिला तरी ठसका लागतो त्यांना."

"ठसका कालही लागला. परवाही लागला."

"म्हणून तर दोनदा गाळते."

लेकीनं खांदे उडवले आणि बापाची उशी सारखी करायला आत गेली.

बापाला सगळी गल्ली मास्तर म्हणायची. कापड कापणारे मास्तर. खाली दुकान, वर घर, आणि हयात गेली ती या दोन्हींमधला जिना चढण्या-उतरण्यात. एक दिवस कोटाच्या कापडावर खडूची रेघ मारता मारता रेघ तिरकी गेली. मास्तरांची रेघ कधी तिरकी जायची नाही. त्यांनी चष्मा वर करून त्या रेघेकडे पाहिलं आणि तसेच टेबलाला धरून खाली बसले. उजवा हात गेला, जीभ गेली. शब्दांपैकी एकच काय तो मागे राहिला, 'बरं'. डॉक्टरांनी नाव विचारलं, बरं. कुठं दुखतंय, बरं. शेजारचा इस्त्रीवाला भेटायला आला तेव्हा म्हणाला, "वहिनी, आता तुम्ही काहीही म्हणा, मास्तर 'बरं'च म्हणणार. आमच्या घरी सांगा हा उपाय!" आणि मग त्याचीच जीभ चावली गेली. ती हसली होती. हसायची जागा होती म्हणून हसली.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांचा एक हात दारावर होता. "हलकं द्या, पचेल असं," एवढं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेले. घाईत सांगितलं, घाईत ऐकलं. हलकं म्हणजे पातळ, यात तिला विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. माहेरी कुणी आजारी पडलं की असंच कढण व्हायचं. वाटीचा तळ दिसला पाहिजे, असं तिची आई म्हणायची. जेवढं नितळ तेवढी माया जास्त. तसं तिनं केलं. मास्तरांना ठसका लागला. तिनं आणखी पाणी घातलं. ठसका वाढला. ती दोनदा गाळायला लागली. मग एक दिवस ताप चढला, छाती घरघरायला लागली आणि पुन्हा दवाखाना झाला. या वेळी डॉक्टर दारात थांबले नाहीत, खुर्ची ओढून समोर बसले.

"पुन्हा असं झालं तर नाकातून नळी घालावी लागेल. मग तोंडानं काहीच द्यायचं नाही."

शेजारच्या खाटेवर एक नळीवाला होता. त्यानं नळी उपसू नये म्हणून त्याची मनगटं पट्टीनं खाटेला बांधलेली होती. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी दिवसभर ते 'बरं'सुद्धा म्हणाले नाहीत.

आज दवाखान्यातली गिळणं तपासणारी बाई घरी येणार होती. नळी घालायची की नाही, हे ती सांगणार होती.

भेटायला येणारे म्हणत, काय धीराची बाई आहे! धीर कसला डोंबलाचा. दात काढताना गाल बधिर होतो तशी ती आतून झाली होती. चिमटा काढला तरी कळू नये. उठायचं, मूग भिजत घालायचे, चादरी बदलायच्या, मास्तरांची दाढी करायची. रडू येत नव्हतं आणि येत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं. एकच गोष्ट होती जिनं अजून थोडं बरं वाटायचं. मास्तर फक्त तिच्या हातचं घ्यायचे. लेकीनं डाळ घोटून आणली, मऊ भात कालवून आणला, की त्यांचे ओठ घट्ट मिटायचे.

"बघ, बघ यांचा हट्ट! मी चमचा पुढे केला की तोंडाला टाके घालून बसतात," लेक चिडायची.

"राहू दे गं, मी बघते," ती म्हणायची आणि गॅसकडे तोंड करायची, कारण मनातून तिला ते आवडायचं. एवढ्या संसारात मास्तरांनी जेवण चांगलं झालं की वाईट हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. पानात पडेल ते जेवायचे, हात धुवायचे, जिना उतरायचे.

गिळणं तपासणारी बाई म्हणजे अगदी पोरगेलीशी मुलगी निघाली. दाराशी बूट काढून, हात धुऊन ती मास्तरांच्या खाटेशी बसली.

"नमस्कार काका. आज तुमच्या गळ्याची परीक्षा."

"बरं," मास्तर म्हणाले.

"काकू, रोज जे देता तेच द्या, जसं देता तसंच. मी नुसती बघते."

मुलीनं दोन बोटं मास्तरांच्या गळ्यावर ठेवली. आईनं पेल्यातून चमचा भरला. मास्तरांनी तिच्याकडे पाहत तोंड उघडलं. चमचा आत गेला, गळ्याचा मणी जागचा हलेना, मग उशिरा, अडखळत वर चढला आणि ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पाठीवरून हात फिरवला. श्वास जागेवर आला तसं मास्तरांनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा चमचा, पुन्हा तेच. तरी त्यांनी आणखी एकदा तोंड उघडलं.

"थांबा, थांबा काकू." मुलीनं पेला हातात घेतला आणि तिरका करून पाहिला. "हे एवढं पातळ करायला कुणी सांगितलं?"

"हलकं द्या म्हणाले होते. दोनदा गाळते मी," ती म्हणाली. आवाजात थोडी ऐट होती. आपल्याला कुणी शाबासकी देणार आहे, असंच तिला क्षणभर वाटलं होतं.

मुलीनं पेला टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "काकू, हलकं म्हणजे पचायला हलकं. पातळ नव्हे. काकांचा गळा आता उशिरा मिटतो. पाण्यासारखं काही दिलं की ते गळा मिटायच्या आधीच घरंगळतं आणि श्वासाच्या नळीत जातं. त्यातूनच छाती भरते. दाट असलं की ते सावकाश उतरतं, गळ्याला वेळ मिळतो. डाळ आहे का शिल्लक?"

डाळ होती. ओट्यावर, मलमलीच्या कापडात, टाकून द्यायला काढलेली. लेक धावत गेली. तिनं ती वाटीत काढली, जिऱ्याचे दाणे आणि आल्याचा चोथा वेचून टाकला, कढणाचे दोन चमचे घालून डावाच्या पाठीनं घोटली. चमच्यात घेतली तर दह्यासारखी बसली.

मुलीनं चमचा पुढे केला. ओठ मिटलेले. लेकीनं केला.

"बाबा, आज तरी! पाया पडते तुमच्या."

ओठ तसेच.

"आण इकडे," ती म्हणाली.

तिच्या हातात चमचा आला आणि मास्तरांनी तोंड उघडलं. मणी हळूहळू वर चढला, खाली उतरला. तिघी वाट पाहत होत्या. ठसका नाही. दुसरा चमचा. नाही. तिसरा.

"काका, काहीतरी बोला बघू."

"बरं."

"आवाज एकदम स्वच्छ आहे! काही अडकलेलं नाही," मुलगी हसली. "नळी आत्ता नको. मी तसं डॉक्टरांना कळवते. पण आता सगळं दाटच, पाणीसुद्धा, मी देते ती पूड घालून. हे असलं पातळ अजिबात नाही. एक पेलासुद्धा नाही."

लेक आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. नळी टळली होती. आता आपल्याला आनंद होईल म्हणून आई तशीच उभी राहून वाट पाहत होती. आनंद आला नाही. आठवले ते पेले. सकाळचे, दुपारचे, संध्याकाळचे, तिनं खिडकीच्या उजेडात धरून तळ दिसतोय ना हे पाहिलेले.

"म्हणजे मीच..." ती म्हणाली.

"तुला काय माहीत होतं गं?" लेक म्हणाली. ते खरंच होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मुलगी बॅग आवरता आवरता थांबली. "एका गोष्टीचं मात्र नवल वाटतं मला. ज्यानं जीव घाबरा होतो ते पेशंट लगेच नाकारतात. तोंडच उघडत नाहीत. काका एवढे दिवस हे घेत कसे राहिले?"

मग लेक डोळे पुसत, अर्धवट हसत म्हणाली, "आईच्या हातचं ना ते!" आणि मुलीला खालपर्यंत सोडायला गेली.

जिन्यावरचे पाय वाजायचे थांबले. ती वाटी घेऊन खाटेशी बसली. मास्तरांनी डाव्या हातानं वाटी हळूच बाजूला सारली आणि टेबलावरच्या पेल्याकडे बोट केलं.

"ते नाही. ते आता बंद."

बोट तसंच.

"अहो, ती पोरगी काय म्हणाली ते ऐकलंत ना? त्यानं तुमची छाती भरते."

"बरं," मास्तर म्हणाले. बोट खाली आलं नाही.

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. गळा त्यांचा होता. कशानं काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. बांधलेल्या मनगटांचा माणूसही त्यांनी पाहिला होता. तरी ते तोंड उघडत राहिले होते.

तिनं उठून पेला उचलला. मोरी लांब होती आणि त्यांच्यादेखत ओतून द्यायला हात धजेना. तिनं तो तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. एवढ्या दिवसांत तिनं ते कधी चाखलं नव्हतं; नजरेनंच पारखत आली होती. जिरं नाही. आलं नाही. मूग तर कुठंच नाही. कोमट पाणी होतं नुसतं. जे काय होतं ते कापडात राहत होतं.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "याला काही चवच नव्हती हो. काहीच नव्हतं यात."

मास्तरांनी बोट खाली घेतलं. रिकाम्या पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तोंड उघडलं.

ती पुन्हा खाटेशी बसली. चमचा भरताना तिचा हात थरथरायला लागला, मनगटापासून, आवरेचना. डाळ दाट होती म्हणून सांडली नाही.