दाण्याएवढं अंतर

मित्रांनो, पलूसच्या सुभेदार लालासाहेबांच्या घरी टीव्हीशेजारी तिरका उभा असलेला जुना पृथ्वीगोल, तो मी. कारागिराने पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडल्या, वर देश आणि समुद्र डकवले आणि मला उभं केलं. लालासाहेबांनी मला साताऱ्याहून आणलं, तेव्हा ते फौजेत नवे होते. आळीतली पोरं मला बघायला यायची. मग घरात मोबाइल आले आणि माझ्यावर धूळ साचली. तरी जाता-येता कुणीतरी मला गरागरा फिरवतंच. स्वस्थ उभं राहणं माझ्या नशिबी नाही.

यंदा लेक राजनंदिनी बाळाचं जावळ काढायला माहेरी आली. जावळाला बाळ मामाच्या मांडीवर लागतं. आणि मामा, म्हणजे विश्वजित, हवाई दलाच्या नोकरीत कार निकोबार बेटावर! तिथून विमानाने पोर्ट ब्लेअरच्या बेटावर यायचं, मग दुसऱ्या विमानाने पुढे.

"आबा, मी एक दिस आधीच निघतो," तो फोनवर म्हणाला.

लालासाहेबांनी दोरा घेतला आणि माझ्यावर दोन्ही बेटांमध्ये ताणला. गव्हाच्या दाण्याएवढा भरला. तेवढाच दोरा पलूसवर ठेवला, तर मुंबईपर्यंत गेला.

"हात्तिच्या! विमानाला तास लय झाला. सकाळी निघ, दुपारचं पुढचं विमान धर. सुट्टी कशाला वाया घालवतोस रं?"

त्यांचं मोजमाप बरोबर होतं. पण माझ्या समुद्रावर वारा सुटत नाही, ढग उतरत नाहीत.

विश्वजित निघायचा त्या दिवशी घरात कुणाचा पाय ठरेना. जो तो फोन बघायचा आणि मला एक गिरकी द्यायचा. माझं डोकं भणाणून गेलं. दुपारी फोन आला.

"आबा, वाऱ्यापायी विमान उडलंच न्हाई. पुढचं बी गेलं. आता जागा कवा मिळंल, सांगता येत न्हाई."

"ह्या गोळ्यानं घात केला!" म्हणत लालासाहेबांनी मला फटका मारला. मी खाली आपटलो. दक्षिण ध्रुव चेपला. मला दुखलं आणि रागही आला.

त्यांच्या पत्नी बनुबाईंनी मला उचलून पदराने पुसलं.

"त्याला कशाला मारताय? इस्वजित झाला तवा तुमी लडाखला हुता. मी रोज ह्याच्यावर बोट ठिवायची. लय जवळ वाटायचं. आवं, पर पोरगं रांगाय लागलं तरी तुमी आला न्हाई."

माझ्या लडाखचा रंग पार उडालाय. लालासाहेब तिकडे बघत राहिले.

"दादा येईस्तवर कातर लागायची न्हाई," राजनंदिनी म्हणाली. तिने बाळाच्या केसांना रबर बांधलं.

लालासाहेबांनी पुन्हा फोन लावला. "इस्वजित, दमानं ये रं. लागंल तेवढा आधी निघ. आमी थांबलोय."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याची धूळ पुसा, त्याला आपटू नका. बनुबाई आता कार निकोबारवर बोट ठेवून बसतात. ते बेट एवढंसं, पुसलं जाईल याची मला धास्ती वाटते. मला खुशाल फिरवा, पण त्यांचं बोट तिथे असेल तेव्हा जरा थांबा.