शुक्रवारचे आभार

शाळेच्या चॅपलमध्ये सगळ्यात पुढच्या बाकावर बाई बसल्या होत्या खऱ्या, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. आज शेवटचा दिवस, उद्यापासून निवृत्त. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरी वाट बघणारं कोण, तर खिडकीतल्या दोन कुंड्या. सकाळी दादाचा फोन आला होता, "आता आमच्याकडेच ये राहायला." मागून वहिनीचं "अहो, पण झोपवणार कुठे?" तेही स्वच्छ ऐकू आलं. वहिनीला आयुष्यात कधी हळू बोलता आलं नाही, काय करणार!

ते जाऊ दे. आज बाईंना एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी आपलं नाव घ्यावं.

दर शुक्रवारी प्रार्थना झाली की मुलांनी एकेक करून उठायचं, आठवड्यात आपलं कोणी भलं केलं त्याचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघेल त्याने उभं राहायचं, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "देवाला धन्यवाद." ही पद्धत बाईंनीच पाडली होती. मुलांना वळण लावायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते त्यांनी जीव ओतून केलं.

पण पहिल्याच वर्षी परीक्षा जवळ आली आणि जो तो उठून गणिताच्या सरांचे आभार मानायला लागला. सरांच्या बसण्या-उठण्याने बाक कुरकुरायला लागला! बाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी तिथल्या तिथे बजावलं, "शिक्षकांचं नाव घ्यायचं नाही. ही लाडीगोडी चॅपलमध्ये चालणार नाही." तेव्हापासून कोणी घेतलं नाही. बाईंचा धाकच तसा होता.

आज मात्र त्यांनीच सुरुवातीला घसा खाकरून म्हटलं, "आज जे मनात येईल ते बोला हं. अगदी मोकळेपणाने." आणखी काय सांगायचं बिचारीने? नियम मागे घेते म्हणायला जीभ रेटेना. स्वतःसाठी कसा मागे घ्यायचा?

मुलं उठली. घंटा वाजवणारे काका उभे राहिले. स्वयंपाकघरातल्या मावशी पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. पडलेल्याला उचलणारा, डब्यातलं वाटून खाणारी, सगळी उभी राहिली. दर वेळी बाई पदर सावरून उठायच्या बेतात यायच्या, आणि दर वेळी नाव दुसऱ्याचंच निघायचं. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, बाईंना शाल दिली, दोन बरे शब्द बोलले. मुलं रांगेने बाहेर पडली.

बाई एकट्याच गीतपुस्तकं गोळा करत राहिल्या. डोळे भरून आले होते. एवढी वर्षं राबून एकाच्याही मनात आपण नाही? रागही आला, स्वतःची लाजही वाटली.

तेवढ्यात सहावीतली भुंगी परत आली. प्रार्थनेतसुद्धा गुणगुणायची, म्हणून हे नाव. येऊन ती नुसती घुटमळत राहिली.

"काय गं, काही विसरलीस?"

"नाही बाई. मला ना आज एक नाव घ्यायचं होतं. आमच्या सगळ्या वर्गालाच घ्यायचं होतं. पण ते शिक्षकांचं होतं."

बाईंच्या हातातली पुस्तकं तशीच राहिली. त्या बाकावर टेकल्या. "मग आता घे की. इथे आहे कोण ऐकायला?"

भुंगीचा चेहरा गोरामोरा झाला. तिने बाईंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मान हलवली.

"नको बाई. कोणी बघत नसतानाच खरं वागायचं असतं ना? तुम्हीच शिकवलंत."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "शहाणी गं माझी. जा आता, आई वाट बघत असेल." भुंगी गुणगुणत निघून गेली, आणि तो आवाजही फाटकापाशी संपला.

चॅपलमध्ये चिटपाखरू नव्हतं. बाईंनी शाल नीट केली आणि नाव निघालेलं माणूस उभं राहतं तशा त्या सावकाश उभ्या राहिल्या. मग स्वतःच हळू आवाजात म्हणाल्या, "देवाला धन्यवाद."