नुसत्या पाण्याची ओळ

थोरलीने टोमॅटोचं झाड उपटलं, मुळं बादलीत खंगाळली आणि उजेडात धरली. पांढरीशुभ्र. एकही गाठ नाही.

गेल्या हंगामात याच मातीतल्या सूत्रकृमींनी मुळं गाठींनी फुगवून झाडं उभीच्या उभी वाळवली होती. म्हणून तिने प्रयोगशाळेतून मेथिओनीन आणलं होतं. हे एक अमिनो आम्ल; त्याने सूत्रकृमी आटोक्यात येतात का, हे तिला बघायचं होतं. धाकट्या भावाच्या शेडनेटमध्ये एका ओळीला ते पाण्यात कालवून मुळांशी ओतलं, शेजारच्या ओळीला नुसतं पाणी. मग दोन्हींची मुळं ताडून बघायची, एवढंच.

हरखून तिने पाण्याच्या ओळीतलंही झाड उपटलं. तीही मुळं स्वच्छ.

आणखी एक उपटलं. तेही तसंच. तिने लाथेने बादली उडवली.

धाकटा खोकी रचत होता.

"माझ्या ओळींत काय ओतलंस?"

"कुठे काय?"

"खरं सांग!"

त्याने नजर चुकवली. "नेहमीचं विषारी औषध. दोन्हींना. ताई, पाण्याची ओळ तू मरायला सोडली होतीस. मला बघवेना."

"मरायलाच हवी होती ती! त्याशिवाय दुसरी कशाने जगली हे कळणार कसं?"

"मग लिही की पाण्याची मेली म्हणून. कोण येतंय बघायला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चोरून विष घातलंस ते घातलंस, वर मला खोटं लिहायला शिकवतोस?"

आवाज ऐकून आई धावत आली. "अगं, झाडं वाचली ना? कशाला त्याच्यावर तोंड टाकतेस?"

"झाडं वाचली आई, माझं काम मेलं!"

तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. औषध न पोचलेल्या कोपऱ्यात पुन्हा दोन ओळी लावल्या, भोवती जाळी ठोकली. तो जवळून गेला तरी ती खुरपं आपटायची.

पाण्याची ओळ पिवळी पडून कोलमडली, तेव्हा तिने त्याला हाताला धरून आणलं. "उपट."

त्याने उपटलं. मुळांच्या जागी नुसत्या गाठीच गाठी. मग मेथिओनीनच्या ओळीतलं उपटलं. हे झाड फळांनी वाकलं होतं. मुळांवर गाठी होत्या, पण तुरळक.

"पूर्ण गेल्या नाहीत की," तो चाचरत म्हणाला.

"नाहीत गेल्या," ती दातओठ खात म्हणाली. "आणि मी तसंच लिहिणार आहे."