फौजदारीण उपाशी आहे!

त्या गावात माणसांची मोजणी दहा वर्षांनी होई आणि मांजरांची कधीच होत नसे. कारण मोजणारा दुसऱ्या गल्लीत पोचेपर्यंत पहिल्या गल्लीत चार वाढलेली असत. एकदा म्हणे पोस्टमनने टपालपेटी उघडली, तर आत पत्र एक आणि पिल्लं पाच. पत्रावरचा पत्ता पिल्लांच्या आईने चाटून साफ केलेला! ते पत्र कुणाचं होतं, यावरून गावात अजून भांडणं होतात.

हसून घ्या मंडळी, पण या सगळ्या पिल्लांचं पुढे काय होतं, हे त्या गावात एकाच माणसाला धड ठाऊक होतं. तो म्हणजे गिरणीवाला. बारा महिने पिठात माखलेला, म्हणून गाव त्याला पिठोबा म्हणे. गिरणीत उंदीर असणार, उंदरांना मांजर लागणार, असा सोयीचा विचार करून ज्याला-त्याला नको झालेली पिल्लं खोक्यात घालून गिरणीच्या दारात ठेवायची सवय होती. ठेवणारा हात झटकून घरी जाई. पिल्लांची सोय लागली, असं त्याला वाटे.

पण पिठोबाची स्वतःचीच मांजर वर्षातून तीनदा विणारी! मिशा आणि दरारा असा, की तिला सगळे फौजदारीण म्हणत. वाण्याचा कुत्रा तिला पाहून रस्ता बदलायचा. तिची आणि गावाची पिल्लं मिळून गिरणीत पाय ठेवायला जागा उरली नाही, की पिठोबा रिकामं पोतं उचले आणि गावाबाहेरच्या बंद दगडखाणीकडे चालू लागे. खाणीत पाणी साचलेलं होतं. येताना त्याचे हात रिकामे असत. त्या दिवशी त्याची बायको त्याच्याशी बोलत नसे आणि तोही जेवताना मान वर करत नसे.

एका शुक्रवारी तो असाच निघाला असताना नर्सबाई आडव्या आल्या. बाई नोकरीतून निवृत्त झालेल्या, पण अर्धं गाव त्यांच्याच हातावर जन्मलेलं. पिठोबासुद्धा.

"पोत्यात काय रे?"

"भुसा."

"हल्ली भुसा म्याव म्हणायला लागला वाटतं!"

पिठोबा जागीच थबकला. "बाई, वाट सोडा. गाव आणून टाकतं माझ्या दारात. कुणीतरी करायलाच हवं ना हे?"

"का करायला हवं? परवा रविवारी शाळेत शिबिर आहे. शहरातून डॉक्टरीण आणि तिची माणसं येतायत. सुट्टीच्या दिवशी, पदरचं पेट्रोल घालून. मांजरांच्या नसबंदीसाठी. घेणार काय, तर चहाचे पैसे. तेही नसतील तर नुसती मांजर आणायची. तुझ्या फौजदारणीला आण."

"छे छे! ऑपरेशन झालं की मांजर सुस्तावते. मग उंदीर काय तुम्ही धरणार?"

"उंदीर धरणं हा तिचा स्वभाव आहे, तो काही डॉक्टरीण कापून नेत नाही. अरे, वर्षाला तीन बाळंतपणं! एखाद्या बाईची अशी झाली असती ना, तर तिच्या नवऱ्याला मी दवाखान्याच्या दारात अंगठे धरून उभा केला असता. तू शिकलेला गिरणीवाला ना? वरून दळण पडतच राहिलं तर खाली डबे बदलून काय होणार? ते बंद करायचा खटका कुठे असतो ते मी सांगू तुला?"

बाईंनी हात पुढे केला. "माझं कुणी ऐकत नाही. तुझ्याकडे सगळं गाव दळायला येतं. तुझी मांजर टेबलावर चढली की गाव मागून येईल. आणि ते पोतं दे इकडे. यांचं मी बघते."

त्याने पोतं दिलं. का दिलं, ते त्यालाही कळलं नाही.

पुढचे दोन दिवस पिठोबाने शिबिराची अशी दवंडी पिटली, की गिरणीचा आवाज कमी पडावा. "रात्रीपासून मांजराला काही द्यायचं नाही! उपाशी आणायची! जो खाऊ घालेल तो गाढव!" दर गिऱ्हाइकाला पिठाबरोबर हा दमही मिळे.

रविवार उजाडला. फौजदारीण आपल्या रिकाम्या वाटीपाशी जाऊन बसली आणि तिने पिठोबाकडे पाहिलं. तिच्या सात पिढ्यांची इस्टेट त्याने लाटली असावी, असं पाहिलं! बायको पाण्याला गेली होती. पिठोबाने दाराकडे बघितलं, आणि वाटीत दूध ओतलं. ऑपरेशनला का कुणाला उपाशी पोटी पाठवतात? आणि दूध म्हणजे काही जेवण नव्हे! फौजदारणीने वाटी लख्ख केली.

शाळेच्या व्हरांड्यात हीऽऽ रांग! टोपल्या, पिशव्या, पक्ष्याचा पिंजरा. एका आजीने तर आपला बोका प्रेशर कुकरमध्ये आणला होता, हवा लागावी म्हणून शिट्टी काढून. शिंप्याने मांजराने सकाळी मासा पळवल्याचं प्रामाणिकपणे सांगितलं, तसं नर्सबाईंनी त्याला बाजूला बसवलं. "आज नाही. पुढच्या शिबिराला."

"एक रात्र लक्ष ठेवता येईना?" पिठोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "दोन दिवस घसा फोडून सांगतोय मी!"

रांग हसली. शिंपी ओशाळला. बाईंनी पिठोबाकडे वळून विचारलं, "आणि हिने काही खाल्लंय?"

सगळी रांग त्याच्याकडे बघत होती.

"फौजदारीण उपाशी आहे!" पिठोबा म्हणाला.

डॉक्टरणीबरोबर आलेल्या मुलीने कार्डावर तसं लिहिलं आणि बाई पहिल्या नंबरची टोपली घेऊन आत गेल्या.

पिठोबा बाकावर टेकला. शेजारी न्हावी मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. "पहिली सुखरूप बाहेर आली तर माझी आत," तो म्हणाला. "मेली, तर आम्ही सगळे घरी. आणि डॉक्टरणीची ही गाडी परत गावात शिरू द्यायची नाही, सांगून ठेवतो."

"बरोबर आहे," चार जणांनी माना डोलावल्या.

शिंपी मात्र अजून धुमसत होता. कार्डं लिहिणाऱ्या मुलीला त्याने विचारलं, "एवढ्याशा माशाने काय बिघडणार होतं, ताई?"

"काका, गुंगीत उलटी होते. मांजर बेशुद्ध असेल तर ती श्वासनळीत जाते. टेबलावरच गुदमरून जाते बिचारी."

"आणि नुसतं दूध असतं तर?"

"दूध काय, मासा काय. पोट रिकामंच हवं."

पिठोबाच्या कपाळावरच्या पिठातून घामाचे ओघळ उतरले. उठावं? दोन दिवस 'गाढव, गाढव' करत होतो, आता सगळं गाव आपल्याला म्हणणार. शिंपी तर जन्मभर म्हणणार! आणि कदाचित काही होणारही नाही. वाटी लहान होती. तशी फार लहान नव्हती.

त्याने खिडकीतून पाहिलं. फौजदारणीला पहिलं इंजेक्शन दिलं होतं. ती टेबलावर मान टाकू लागली होती. ती फौजदारीण, जिने आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती! डॉक्टरीण दुसरी सुई भरत होती.

"थांबा!" पिठोबा दार ढकलून आत घुसला. "दूध पाजलंय मी! सकाळी! वाटीभर! मी खोटं बोललो!"

डॉक्टरणीने सुई खाली ठेवली. तिने फौजदारणीला उचलून डोकं टेबलाच्या कडेखाली झुकवलं, आणि त्याच क्षणी मांजरीचं पोट आक्रसलं. एकदा, दोनदा. दूध भळकन बाहेर आलं. मग घशात काहीतरी अडकल्यासारखा घरघर आवाज, आणि जीभ जांभळी पडू लागली.

"बाई, कापूस! तोंड उघडं धरा!"

नर्सबाईंनी जबडा धरला. डॉक्टरणीने घसा पुसून काढला, नळीने ओढून घेतलं, छातीला कान लावला. पिठोबा भिंतीला चिकटून उभा होता.

फौजदारणीने एक बारीकशी शिंक दिली. मग दुसरी. जीभ हळूहळू गुलाबी झाली.

"वाचली," डॉक्टरीण म्हणाली. "ही सुई गेली असती, तर मी काही करू शकले नसते."

पिठोबा टेबलाजवळ आला. "बाई," तो नर्सबाईंना म्हणाला, "हिच्यासाठी जीव असा कासावीस झाला. आणि खाणीवर मी इतकी वर्षं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही हो!"

बाईंनी त्याची समजूत घातली नाही. "बाहेर लोक थांबलेत," त्या म्हणाल्या. "ही आज का परत चालली, ते तुलाच सांगावं लागेल."

फौजदारीण टोपलीत झिंगून पडली होती. पिठोबा तिला घेऊन व्हरांड्यात आला. न्हावी उठून उभा राहिला.

"मेली?"

"मेली नाही. मी मारत होतो," पिठोबा म्हणाला. "सकाळी दूध पाजलं आणि तुमच्यासमोर खोटं बोललो. डॉक्टरणीने वाचवली. गाढव मी आहे. शिंपीदादा, तुम्ही खरं बोललात आणि मी तुम्हालाच सुनावलं."

शिंप्याने तोंड उघडलं, आणि सगळ्यांना वाटलं, आता हा सगळा सूड उगवणार! पण तो एवढंच म्हणाला, "बस इथे. पाणी पी."

तेवढ्यात रांगेच्या मधूनच वाण्याची बायको उठली. "आमचीनेसुद्धा पहाटे थोडंसं खाल्लंय," ती पदराशी चाळा करत म्हणाली. मागून कुकरवाली आजी म्हणाली, "आमच्या बोक्यानेही. त्याच्याकडे बघवेना गं!" मग आणखी दोघं उठली. या चौघांनीही 'उपाशी आहे' म्हणून कार्डं लिहून घेतली होती.

चार जीव! पिठोबा बोलला नसता, तर ते चारही जीव त्या टेबलावर गेले असते.

न्हाव्याने आपली पिशवी उचलली आणि तो घराकडे न जाता सरळ खोलीच्या दाराशी गेला. "माझी खरंच उपाशी आहे," तो म्हणाला. "घ्या आत." त्या दिवशी सत्तावीस मांजरांची ऑपरेशनं झाली आणि सगळी सुखरूप घरी गेली. फौजदारणीचं पुढच्या शिबिरात झालं. त्यानंतरच्या आठवड्यात तिने उंदीर धरले ते इतके, की ते मोजायलाही कुणी धजलं नाही.

मंडळी, मुकं जनावर आपली पिल्लं मोजत नाही. ते मोजणं आपलं काम आहे, आणि ते पिल्लं जन्मायच्या आधी करायचं असतं. कुणाच्या तरी दारात खोकं ठेवून आपण फक्त आपली नजर वळवतो. मरायचा जीव मरतोच. सुट्टी मोडून कुणी तुमच्या गावात आलं, तर तुमची मांजर घेऊन जा. उपाशी घेऊन जा. आणि हातून चूक झालीच, तर ती लपवू नका. लाजेने माणूस मरत नाही. पिठोबा अजून जिवंत आहे, आणि शेजारच्या गावातल्या शिबिरात टोपल्या उचलतो आहे.