पणज्याच्या कोटाची बटनं

"असली काळी बटनं घिऊन लोकाच्या दारात जातोस? फौजेत असतास तर रायफल डोक्यावर धरून पळवलं असतं तुला," रवळूचा बा, रिटायर झालेला परशराम हवालदार, फडकं झटकत म्हणाला.

रवळूच्या तळहातावर चार पितळी बटनं हुती. आरशागत चकचकीत, आन् आरशागतच कोरी.

"आप्पा, ह्यावर शिक्का हुता."

"काळ्याखाली कुठं दिसत हुता? ब्रासोनं निघंना, मग पॉलिश पेपर मारला."

रवळूच्या डोक्यात सणक गेली. पेपरानं काळ्यासंगं शिक्काबी खाल्लता. दहावी सोडल्यापास्नं ह्या पोरानं एकच काम नेटानं केलतं: लष्करी कॅम्पातल्या भंगारवाल्यांकडं बसून जुनी फौजी बटनं हुडकायची. पर ही घरचीच. पणजा कुठल्यातरी संस्थानाच्या फौजेत हुता, एवढंच घरात ठावं. कुठल्या, ते कुणालाच न्हाय. निपाणीचे आनंद सर जुन्या फौजी बटनांचे जाणकार, ते शिक्का बघून सांगणार हुते. "फोटोत नुसतं काळं दिसतंय, हातात आणून दाखव," म्हणालते. आज जायचं हुतं.

"जलमभर सरकारची बटनं घासलीसा, तेवढ्यानं हाताची खाज गेली न्हाय व्हय?"

"तोंड सांभाळ. माझ्या आज्याची हैत ती."

"मग सांगा की, कुणाचा शिपाई हुता तुमचा आज्जा?"

हवालदार फडक्याची घडी घालत बसला. घडीवर घडी.

"बास करा रं," रवळूची आय रुक्माबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "पाचवं हाय की. मीच लावलंय, त्या पिशवीला."

खुंटीवर आप्पाच्या पेन्शनच्या कागदांची पिशवी. भंगाराच्या ढिगातनं बटन वळखणाऱ्या रवळूला घरातलं दिसलं न्हवतं. त्याचाबी राग आला त्याला. त्यानं दातानं दोरा तोडला. हिरवटकाळं बटन. बोट फिरवलं तर खाली उठावदार कायतरी हुतं. शेपटीगत, आन् वर छत्रीगत.

"आण हिकडं, जरा पुसून देतो." हवालदाराचा हात सवयीनं पुढं आला. अंगठा अजून काळाच हुता.

"हात लावू नगा."

"बरं, न्हाय लावत. पर मीबी येतो निपाणीला. माझाच आज्जा हाय, मलाबी कळू दे."

"नगं. एस्टीत घासत बसशीला." रवळूनं बटन मुठीत आवळलं, पाय चपलात घातलं. "आल्यावर सांगतो. निघतो मी आता, गाडी चुकंल."