विमान जाईपर्यंत

माझ्या भाच्याचं नाव मी सांगणार नाही. ते त्याच्या मामाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं नाव, आणि भाऊ गेल्यापासून आमच्याकडे ते कोणी उच्चारत नाही. गेलेल्याला नावाने हाक मारली की तो मागे वळून बघतो आणि त्याची वाट चुकते. त्याच नावाचा कोणी जिवंत असला तर त्याचंही नाव पुसलं जातं. मग त्याला कुमन्जयी म्हणायचं, म्हणजे ज्याचं नाव घेत नाहीत तो. दोन वर्षं, पाच वर्षं, घरचे म्हणतील तोवर. बाहेरच्यांना यात गंमत वाटते. वाटू दे.

भाचा फुटबॉल खेळायचा. आमच्या लाल मातीच्या मैदानावर अनवाणी पळायचा तेव्हा त्याच्या तळव्यातले काटे मीच सुईने काढलेत. सतराव्या वर्षी त्याला मेलबर्नला उचलून नेलं. नऊ हंगाम खेळला. पेपरवाल्यांनी त्याला 'वावटळ' म्हणायला सुरुवात केली. आम्हा बायकांना ते मुळीच आवडलं नाही. इथे वावटळ दिसली की पोरांना घरात ओढून घेतात. तिच्यात कोण फिरत असतं ते कोणी सांगावं? एका सामन्यात कुंपणापलीकडून कोणीतरी गोरा त्याला माकड म्हणाला. भाचा खेळ सोडून तिथे गेला आणि त्या माणसासमोर नुसता उभा राहिला, त्याने मान खाली घालेपर्यंत. टीव्हीवर महिनाभर तेच दाखवत होते. पुढे गुडघा गेला. बाकीचे खेळाडू जाहिरातीत साबण विकतात, हा घरी आला आणि सरकारच्या मागे लागला.

त्याची मागणी एकच होती. आमच्या दवाखान्यात डायलिसिसच्या चार खुर्च्या. त्याची आई नोला, माझी मोठी बहीण, सहा वर्षं दूर ॲलिस शहरात पडून होती. आठवड्यातून तीनदा मशीन, तीनशे किलोमीटर रस्ता, परत यायची सोय नाही. फोनवर म्हणायची, "टिली, मला इथे मरायचं नाहीये गं. इथल्या मातीची माझी ओळख नाही." मंत्री आले, भाच्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले, चहा प्यायले, गेले. शेवटी तो म्हणाला, "मावशी, दारात उभं राहून कोणी काही देत नाही. आत जाऊन बसायला पाहिजे." आणि तो कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला.

समोरचा माणूस ॲलिसचा. त्याने सरळ सांगितलं होतं की दूरच्या वस्त्यांना मशीन परवडत नाहीत. म्हणजे भाचा निवडून आला तर नोला घरी येणार, पडला तर तिला पेटीतून आणायची.

आता अडचण ऐका. शनिवारच्या मतदानाला आठ दिवस राहिले आणि दादाने अंथरूण धरलं.

दादा म्हणजे ज्याच्यावरून भाच्याचं नाव ठेवलं तो. नर्सने त्याला ॲलिसला न्यायला विमान मागवायची तयारी केली तर म्हणाला, "मला हलवाल तर वाटेतच मरेन, मुद्दाम." तो पडवीत गादीवर, अंगावर तीन घोंगड्या, पायाशी दोन कुत्री. आणि सगळ्या वस्तीचा जीव टांगणीला. दादाने मान टाकली तर पोस्टर उतरणार, नाव कोणी घेणार नाही, आणि तासाभरात सगळे घरं सोडून मैदानापलीकडे दुखवट्याच्या तळावर जाऊन बसणार. मतपेट्या घेऊन येणारं विमान दोन तास थांबतं. ते कोणासाठी अडून राहत नाही.

रोज कोणी ना कोणी डोकावायचं. कांगारूच्या शेपटीचं सूप घेऊन यायचं, आणि दादाकडे बघायच्या आधी घोंगडी वरखाली होतेय का ते बघायचं.

"काय रे, मोजतोयस का?" दादा एकदा भाच्याला म्हणाला.

"नाही मामा. सूप आणलंय."

"तुझं नाव माझ्याकडून उसनं आहे, लक्षात ठेव. मी जाताना घेऊन जाणार."

"शनिवारनंतर घेऊन जा."

दादा इतका हसला की खोकल्याने निळा पडला. भाचाही हसला. मला हसू आलं नाही. भाच्याच्या प्रचाराचं काम बघायला मेलबर्नहून आलेला हॅमिश मला बाजूला घेऊन म्हणाला, "आंटी, समजा काही झालंच, तर दुखवट्याला एक दिवस थांबता येत नाही का?" मी म्हटलं, "तुझी आई गेली की रडायचं एक दिवस थांबून बघ." तो बिचारा लाल झाला. पण तो किडा माझ्या डोक्यात त्याने सोडला तो सोडलाच.

शनिवारी उजाडताना मी चुलीवर पाणी ठेवलं आणि दादाला हलवलं. दादा गार होता. कुत्री उठून केव्हाच अंगणाच्या टोकाला जाऊन बसली होती.

आमच्याकडे अशा वेळी बाईने काय करायचं ते मला कोणी शिकवायला नको. किंकाळी फोडायची. ती ऐकली की दुसऱ्या घरातली बाई उचलते, मग तिसऱ्या, आणि वस्ती रिकामी होते. किंकाळी माझ्या गळ्यापर्यंत आली होती. मी ती गिळली. घोंगडी दादाच्या कानापर्यंत ओढली, त्याला कुशीवर भिंतीकडे तोंड करून वळवलं आणि चहा करून प्यायले. चहात साखर घातली, ते आठवलं की आजही स्वतःची किळस येते.

आठ वाजता नोलाचा फोन आला. रोजच यायचा.

"उठला का गं?" आणि तिने दादाचं नाव घेतलं.

"झोपलाय."

"अजून? लहानपणापासून आळशी." पुन्हा नाव. "त्याला सांग, मी आले की माझ्यासाठी घोरपड धरायचीय त्याने. सांगशील ना? दे ना, कानाला लाव फोन त्याच्या."

"ताई, झोपू दे."

"लाव गं, मी हळू बोलते."

मी फोन दादाच्या कानाशी धरला. आतून तिचा आवाज येत होता, नावाने हाका मारत होती, हसत होती. मी डोळे मिटून घेतले. माझ्या बहिणीने मेलेल्या भावाला नावाने हाका मारल्या आणि फोन मी धरला होता.

दहाला विमान उतरलं. शाळेच्या पडवीत टेबल लागलं, बाजूला सॉसेज भाजायला घेतले, पोरांनी चेंडू काढला. आमच्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. टेबलामागची बाई विचारते, कोणाला मत द्यायचंय, आणि ते तोंडाने सांगतात. दादाच्या अंगणातून मला सगळं ऐकू येत होतं. दादाची चुलत बहीण, मेहुणी, ज्याच्यासोबत त्याने गुरं राखली तो पेडी म्हातारा, एकेक जण जाऊन ठणकावून तेच नाव सांगत होता. कोणी तर टाळ्या वाजवून. वाटलं, उठून ओरडावं. पण नोलाची खुर्ची डोळ्यांपुढे आली आणि मी तिथेच बसून राहिले.

अकराच्या सुमारास भाचा आला. पडवीच्या खांबाला हात लावून उभा राहिला. कुत्र्यांकडे बघितलं. मग घोंगडीकडे बघितलं, बराच वेळ.

"मामा झोपलेत का, मावशी?"

"हो."

"विमान बाराला जाईल."

"माहितेय."

तो आत आला नाही. खांबावरचा हात काढला, तोंडावरून फिरवला आणि परत शाळेकडे गेला. त्याला पाहून पोरं ओरडली, नावाने. त्याने हात वर केला.

विमानाचा आवाज टेकडीपलीकडे गेला तेव्हा मी किंकाळी फोडली. बायका धावत आल्या. नर्सही आली. ती दादाचा हात उचलायला गेली तर तो उचललाच जाईना. भाबडी पोरगी, सगळ्यांसमोर बोलून गेली, "अगं बाई, हे तर सकाळीच गेलेत. फार आधी." रडणं एकदम थांबलं. पेडी म्हाताऱ्याने तोंडावर हात दाबून धरला होता, जणू आतलं नाव परत बाहेर येईल.

डोक्यात काठी बसेल म्हणून मी तळावर मान पुढे करून बसले. तोही नियमच आहे, आणि तो चांगला आहे. मारतात, रक्त येतं, मग मिटतं. तीन दिवस बसले. कोणी मारलं नाही. भाचा पांढरी माती फासून पुरुषांच्या बाजूला बसला होता. त्याच्याही शेजारची जागा रिकामीच राहिली.

तो अकरा मतांनी जिंकला. टीव्हीवाले आले, त्यांनी त्याला नावाने हाक मारली आणि तो दचकला, ते सगळ्या देशाने पाहिलं. पेपरात आलं की विनम्र आहे. आमच्यासाठी तो कुमन्जयी झाला, आणि तेही लोक तोंडातल्या तोंडात म्हणायचे. त्या वर्षी मैदानावर दोनदा भर दुपारी वावटळ उठली, शाळेच्या पडवीपर्यंत आली आणि तिथे फिरत राहिली. बायकांनी पोरांना आत घेतलं आणि माझ्या घराकडे बघितलं. पेडीची जीभ हिवाळ्यात लुळी पडली. डॉक्टर म्हणाले झटका. म्हणोत.

शब्दाला मात्र भाचा जागला. दहा महिन्यांत चार खुर्च्या आल्या, निळ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. नोलाला आणायला तो स्वतः गाडी घेऊन गेला. मी दवाखान्याच्या दारात डँपरची जाड भाकरी भाजून, चहा घेऊन उभी होते.

गाडी थांबली. नोला आत बसूनच राहिली. एवढ्या वर्षांत निम्मी झाली होती. तिने काच खाली केली आणि टेकड्यांकडे बघितलं, मैदानाकडे बघितलं. हात बाहेर काढून चिमूटभर माती मागितली, ती मी दिली. तिने ती हुंगली आणि मुठीत धरून ठेवली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "त्या दिवशी फोन खरंच त्याच्या कानाला लावला होतास?"

मी हातातल्या चहाकडे बघितलं. तिला उत्तर मिळालं.

"ताई, तुझ्यासाठीच गं," मी म्हटलं.

"माझं नाव घेऊ नका यात," ती म्हणाली. "ज्याला मी हाका मारून मागे फिरवलं, त्याच्या मातीत मी कुठल्या तोंडाने उतरू?" आणि लेकाला म्हणाली, "गाडी वळव. उद्या माझा मशीनचा दिवस आहे."

"आई, एकदा खुर्ची तरी बघ."

"वळव म्हटलं ना."

त्याने मेलबर्नचं अख्खं मैदान अंगावर घेतलं होतं, पण आईसमोर त्याने मान खाली घातली. त्याने गाडी वळवली. मी चहाचा डबा धरून धूळ बसेपर्यंत उभी राहिले.

तो दुसऱ्या दिवशी परतला आणि माझ्या अंगणात येऊन बसला. आताशा आमच्याकडे दुसरं कोणी येत नाही.

"मावशी," तो म्हणाला, "त्या दिवशी तू सांगितलं असतंस, तर मी माणसं तळावर नेली असती."

"तू बघितलं होतंस," मी म्हटलं. "खांबाला धरून उभा होतास."

त्याने तोंडावरून हात फिरवला. मग त्याने विचारलं की चहा आहे का, आणि मी उठून पाणी ठेवलं.